भांडी घासण्याआधी वही उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अनुदानित आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका लिहितात: "आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहात ९६, मुलांच्या वसतिगृहात ११० आणि गावातून ये-जा करणारी १४० मुलं आहेत. जुलैत एका गुरुवारी दुपारी सगळ्यांनी खिचडी खाल्ली. शुक्रवारी ४ जणांना जुलाब सुरू झाले, शनिवारी ९, रविवारी १२, सोमवारी ८, मंगळवारी ५, असे एकूण ३८. ताप, पोटात मुरडा, काहींना आव आणि रक्तही. यातल्या ३३ वसतिगृहातल्या मुली, ४ वसतिगृहातले मुलगे आणि गावातलं एकच मूल. सगळी आता बरी आहेत. गाव म्हणतं खिचडीतून विषबाधा झाली. संस्थेने स्वयंपाक करणाऱ्या ताईंना घरी बसवलं. आम्ही सोमवारी टाकी धुऊन टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलं. मंगळवारी घेतलेला पाण्याचा नमुना 'पिण्यास योग्य' आला. एका मुलीचं पोट बुधवारी रात्रीच बिघडलं होतं, पण ती घरून तशीच आली होती म्हणून तिला धरलं नाही. नेमकं काय झालं असेल? पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?"

मॅडम, मुलं बरी झाली हे तुम्ही लिहिलंत आणि मी पुढचं जरा शांतपणे वाचू शकलो. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे तालुक्याला मिळून माझी पंचवीसहून अधिक वर्षं गेली. त्यात दर पावसाळ्यात एखादी तरी शाळा असायचीच. तुम्ही आकडे दिवसागणिक आणि वसतिगृहागणिक लिहून ठेवलेत, हे फार कमी शाळा करतात. उत्तराचा मोठा भाग तुमच्याच त्या आकड्यांत आहे.

आधी तुम्ही न मोजलेल्या मुलीकडे येतो. ती बुधवारी रात्री आजारी पडली आणि खिचडी गुरुवारी दुपारची आहे. गुरुवारच्या खिचडीने बुधवारचं पोट बिघडत नाही. साथीत सगळ्यात जास्त काही सांगत असतील तर पहिली एक-दोन मुलं, आणि नेमकी तीच यादीतून गळतात. "ती आजारी होतीच", "ती पाहुण्यांकडे जाऊन आली होती", असं म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवतो. तिला यादीत सगळ्यात वर लिहा. तिच्या घरी कोणाला जुलाब होते का, ती कधी परत आली, कोणत्या खोलीत झोपते, तिच्या शेजारच्या गादीवर कोण, हे सगळं तिच्या नावापुढे लिहा. मात्र हे तिला वर्गासमोर विचारू नका. अधीक्षिकांनी एकटीला जवळ बसवून विचारावं. नाहीतर "हिच्यामुळे झालं" हा शिक्का त्या पोरीवर वर्षभर राहील.

आता घड्याळ. अन्नातून जंतुबाधा झाली की ती किती वेळाने दिसेल हे जंतूवर अवलंबून असतं, आणि हा वेळ बऱ्यापैकी ठरलेला असतो. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू, म्हणजे पिकलेल्या बोटातून किंवा नाका-घशातून अन्नात जाणारा, त्याचं विष अन्नातच तयार झालेलं असतं. म्हणून १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात, आणि एका पंगतीतली मुलं जवळजवळ एकाच वेळी ओकायला लागतात. शिळ्या भातातला बॅसिलस सेरियस उलट्यांच्या रूपात असाच लवकर येतो. जुलाबांच्या रूपात आला तर ८ ते १६ तास घेतो. मोठ्या पातेल्यात कोमट राहिलेल्या डाळीतला किंवा मटणातला क्लॉस्ट्रिडियमही साधारण तेवढाच वेळ घेतो, दुपारी जेवलं की रात्री जुलाब. या तिघांत ताप क्वचितच असतो आणि रक्त पडत नाही. साल्मोनेला ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत, बरोबर ताप. शिगेला १ ते ३ दिवस, ताप, मुरडा, आव, रक्त. पटकी, म्हणजे कॉलरा, काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत, पण त्यात शौच तांदळाच्या धुवणासारखं पाण्यासारखं असतं आणि मूल तासा-दोन तासांत गळून जातं.

तुमच्या मुलांना ताप आहे, रक्त आहे, आणि पाच दिवस रोज नवी मुलं आजारी पडली आहेत. म्हणजे गाव ज्याला 'विषबाधा' म्हणतं ती ही नव्हे. विषबाधा असती तर गुरुवारी संध्याकाळीच अर्धी शाळा आडवी झाली असती आणि शनिवारी सगळं शांत झालं असतं. पावसाळ्यात शाळकरी मुलांमध्ये ताप आणि रक्तासह जुलाब पसरले तर माझा पहिला संशय शिगेलावर असतो. १८९७ साली जपानमध्ये कियोशी शिगा यांनी रक्ती हगवणीच्या मोठ्या साथीत हा जंतू ओळखला, त्यांच्या नावावरूनच त्याचं नाव पडलं. पण संशय म्हणजे निदान नव्हे. शौचाच्या नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यात शिगेला मिळाला असता तरच खात्रीने बोलता आलं असतं. तो नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे जंतू जिवंत ठेवणाऱ्या, नळीत घालून, थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेकडे जावा लागतो. शिगेला नाजूक असतो, शौच डबीत तसंच ठेवलं तर काही तासांत मरतो. पुढच्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन कराल तेव्हा "डॉक्टर पाठवा" याच्या जोडीने "पाच मुलांच्या शौचाचे नमुने घ्यायच्या नळ्या आणा" हेही सांगा.

पण घड्याळाने एवढ्यावर खिचडी पूर्ण सुटत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शिगेला हाताने अन्नात गेला असता तर गुरुवारच्या जेवणानंतर शनिवार-रविवारी आकडा चढलेला दिसलाच असता, आणि तुमचा आकडा तसाच चढला आहे. इथे दुसरा हिशेब कामाला येतो. किती मुलं आजारी पडली एवढंच पाहू नका, कितीपैकी किती ते पाहा. खिचडी सगळ्यांनी खाल्ली. मुलींच्या वसतिगृहात ९६ पैकी ३३, म्हणजे शंभरात साधारण ३४. मुलांच्या वसतिगृहात ११० पैकी ४, शंभरात चारही नाहीत. गावातून येणाऱ्यांत १४० पैकी १. एकाच पातेल्यातली खिचडी मुलींना ३४ टक्के बाधते आणि गावातल्या मुलांना एक टक्काही नाही, असं होत नाही. मुलींच्या वसतिगृहात असं काहीतरी आहे जे इतरांकडे नाही, आणि ते दुपारचं जेवण नाही.

मग उरतं काय? मुलींची टाकी, मुलींचे संडास, आणि मुलींचे एकमेकींना लागणारे हात. शिगेलाचे १० ते १०० जंतूसुद्धा आजारी पाडायला पुरतात. कॉलऱ्याला एका वेळी लाखोंनी जंतू लागतात. म्हणून कॉलरा बहुतेक पाण्यावरून येतो, आणि शिगेला पाण्यावरूनही येतो आणि नुसत्या हातावरूनही. दोन्हींतलं काय, हे ठरवायला एक काम आजच करता येईल. गणिताची चौकटींची वही घ्या. आडव्या रेघेवर तारखा लिहा, आणि आजारी पडलेल्या प्रत्येक मुलीसाठी त्या तारखेवर एक चौकट भरा, एकावर एक. चौकटीत तिचा खोली क्रमांक लिहा. सगळ्या खोल्या सुरुवातीपासून थोड्याथोड्या मिसळलेल्या दिसल्या तर पाण्याकडे बघा, कारण टाकी सगळ्या खोल्यांना सारखीच. आधी एकाच खोलीचे आकडे, मग शेजारच्या खोलीचे, मग तिसऱ्या, असं दिसलं तर बुधवारची मुलगी, तिचा संडास, आणि हात. कागदावर अर्धा तास लागतो. मी हे कित्येकदा वर्गाच्या व्हरांड्यात बसून, एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात हजेरीपट घेऊन केलं आहे. मुलं स्वतः भोवती जमतात आणि आपण विसरलेलं नाव सांगतात.

पाण्याच्या अहवालाबद्दल आता स्पष्ट बोलतो. सोमवारी टीसीएल टाकलं आणि मंगळवारी नमुना घेतला, तर तो नमुना 'योग्य' येणारच. तो अहवाल मंगळवारच्या पाण्याचा आहे, मुली ज्या पाण्याने आजारी पडल्या असतील त्या आधीच्या आठवड्यातल्या पाण्याचा नाही. त्याच्या जोरावर कोणी "पाणी चांगलं होतं" म्हणालं तर मानू नका. प्रयोगशाळा त्या नमुन्यात शिगेला शोधतही नाही. आतड्यातून आलेले कोलिफॉर्म जंतू आहेत का एवढं पाहते, म्हणजे पाण्यात कुठून तरी मैला मिसळतोय का याची खूण. ती खूण क्लोरिनने पुसली जाते, पण मैला मिसळण्याची वाट तशीच उघडी राहते. क्रम उलटा हवा. आधी निर्जंतुक बाटलीत नमुना, मग टीसीएल. क्लोरिन घातलेल्या पाण्याचा नमुना घ्यायचाच असेल तर थायोसल्फेट घातलेली बाटली घ्यावी. त्याने क्लोरिन मारला जातो आणि नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू मरत नाहीत. तशी बाटली आरोग्य केंद्रातून मागून घ्या.

टाकी धुण्याची तुमची घाई मला पूर्ण समजते. मुलं तळमळत असताना हातावर हात ठेवून कोण बसेल? पण ही घाई काय करते ते मी स्वतः भोगलं आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका वसतिगृहात सकाळी दहाच्या सुमाराला मुलगे ओकू लागले. मी धावत गेलो. पावसाळा होता, विहीर उघडी होती, म्हणून पाण्यावरच ठपका ठेवला. भांडी घासून पालथी झालेली होती, ती तशी बघून मला बरंच वाटलं, स्वच्छता आहे म्हणून. विहिरीत एवढं टीसीएल टाकलं की गावाला दिवसभर ते पाणी तोंडात धरवेना. महिन्याभराने पुन्हा तेच, पुन्हा सकाळी, पुन्हा उलट्या. या वेळी एका तिसरीतल्या मुलाला नुसतं विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" तो म्हणाला, "फोडणीचा भात. रात्रीचा." रात्री उरलेला भात मोठ्या टोपात, वर झाकण, झाकणावर गोणपाट. पहाटेपर्यंत मधला भात कोमटच. नाश्ता आठला, उलट्या दहाला. दोन तास. पहिल्याच दिवशी मी घड्याळ विचारलं असतं आणि टोप घासू दिला नसता, तर दुसऱ्यांदा त्या पोरांना त्यातून जावं लागलं नसतं. टोपातला चमचाभर भातही न उरल्याने प्रयोगशाळेत काही सिद्ध झालं नाही. पण त्या वसतिगृहात रात्रीचा भात सकाळी परतायचा नाही असं ठरलं, आणि त्यानंतर तिथे ते पुन्हा झालं नाही.

फोडणीने तो भात का सुधारला नाही, हे तुमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना सांगा, कारण "चांगलं गरम केलंय" हा भरवसा सगळीकडे असतो. बॅसिलस सेरियसचे बीजाणू भात शिजतानाही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते उगवतात, आणि उलट्यांचं विष भातात सोडतात. ते विष उकळीलाही दाद देत नाही. ५ अंश आणि ६० अंश यांच्या मधे अन्न जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. खिचडी सकाळी आठला शिजवून दुपारी दीडला वाढायची असेल तर ती वाफाळती ठेवा, नाहीतर उशिरा शिजवा. यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

अन्नाचा नमुना राखून ठेवण्याचा विषय निघालाच आहे, तर जपानच्या साकाईचं उदाहरण सांगतो. मला ते नेहमी आठवतं. जुलै १९९६ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ई-कोलाय ओ-१५७ नावाच्या जंतूची साथ आली. ९२ पैकी ४७ प्राथमिक शाळा त्यात सापडल्या, हजारो मुलं आजारी पडली, १२१ मुलांची मूत्रपिंडं धोक्यात आली, काही मुली दगावल्या. हा जंतू जे विष सोडतो त्याचं नाव शिगा विष, कारण ते शिगेलाच्याच विषाचं भावंड. तिथल्या तपासनिसांनी वेगवेगळ्या भागांतल्या शाळांचे त्या आठवड्याचे जेवणाचे तक्ते आणि मुलांची हजेरी एकमेकांसमोर ठेवली. भागागणिक पदार्थ वेगळे, तारीखही वेगळी, पण सगळ्यांत एक कच्ची गोष्ट समान निघाली, मुळ्याचे मोड. मोडांवर तो जंतू प्रत्यक्ष सापडला नाही. त्यावरून पुढे मोड पिकवणाऱ्यांनी सरकारला न्यायालयात खेचलं. तपास बरोबर दिशेने गेला तरी हातात नमुना नसला की गोष्ट किती वर्षं लोंबकळते, ते इथे दिसतं.

त्यानंतर तिथे मोठ्या स्वयंपाकघरांना नियम घालून दिला गेला. प्रत्येक कच्च्या आणि शिजवलेल्या पदार्थाचे साधारण ५० ग्रॅम उणे २० अंशांखाली दोन आठवडे ठेवायचे. दोन आठवडे यासाठी की ओ-१५७ ला अंगात रुजायला तीन-चार दिवस लागतात आणि मग तपासाला वेळ जातो, तोवर एक दिवसाचा नमुना कधीच फेकून दिलेला असतो. आपल्या आश्रमशाळेत उणे २० अंश कुठून आणणार, हे मला माहीत आहे. पण झाकणाचा स्टीलचा डबा, उकळत्या पाण्यातून काढलेला, त्यात प्रत्येक जेवणाची एक वाटी, वर तारीख-वेळ लिहिलेली पट्टी, आणि फ्रिजच्या कप्प्यात किमान तीन दिवस, एवढं कुठल्याही शाळेला जमतं. चव घेतल्याची नोंदवही तुम्ही ठेवताच. त्याच रांगेत "नमुना ठेवला" हा एक रकाना वाढवा. चव घेण्याने जंतू कळत नाहीत हेही लक्षात असू द्या. जंतू पडलेली खिचडी चवीला अगदी उत्तम लागते.

आता पाइपाकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत मला तीच जागा सगळ्यात जास्त खुपते आहे. मुलींची टाकी वेगळी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वेगळी असेल तर तिच्यात येणारी लाइन जमिनीखालून कुठून येते ते पायी चालत बघा. आपल्याकडे पाणी दिवसातून एखादा तास येतं. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा फटीतून पाणी बाहेर झिरपतं आणि वर हिरवं गवत किंवा चिखल दिसतो. पाणी बंद झालं की दाब उतरतो, आणि तीच फट बाहेरचं डबकं आत ओढते. डबक्याशेजारी संडासाचा शोषखड्डा असेल तर पुढचं सांगायला नको. जून-जुलैत शोषखड्डे भरतात आणि जमिनीतलं पाणी वर येतं. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर साथी येतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. व्हॉल्व्हचा खड्डाही उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी त्यात गुडघाभर गढूळ पाणी साचलेलं असतं आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला असतो. फट सापडली तर दुरुस्तीआधी फोटो काढा आणि आरोग्यसेवकाला दाखवा. दुरुस्ती झाली की पुरावा संपतो.

टीसीएलचं प्रमाण. ताज्या पावडरीत क्लोरिन साधारण ३३ टक्के असतो. १००० लिटरला ५ ग्रॅमने सुरुवात करा. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, आणि वरची निवळी टाकीत सोडा. अर्धा तास थांबा. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरला आहे का ते रंगावरून पाहणं, आणि ती टाकीवर नाही, वसतिगृहातल्या सगळ्यात लांबच्या नळावर. पिवळा रंग आला पाहिजे. साथीच्या काळात त्या नळाला क्लोरिन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा, एरवी ०.२ च्या खाली जाता कामा नये. रंग आला नाही तर प्रमाण वाढवा, पाणी गढूळ असेल तर क्लोरिन जास्त खपतो. ओटीचं औषध पडलेलं पाणी ओतून द्या, ते पिण्याचं नाही. आणि टीसीएलची पिशवी उघडी, कोंदट खोलीत पडून असेल तर सहा महिन्यांनी त्यात नुसता चुनाच उरतो. पिशवी उघडताच डोळ्यांत झोंबायला हवं. झोंबत नसेल तर ती पावडर बदलून मागा.

हातांबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीतच आहे. फक्त एक पाहा. साबण मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असतो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतो, हे मी इतक्या शाळांत पाहिलं आहे की आता राग येत नाही, वाईट वाटतं. साबणाचे तुकडे जुन्या नायलॉनच्या जाळीत बांधून संडासाबाहेरच्या नळाला लटकवा. चोरीला जात नाही, मातीत पडत नाही, आणि मुलींना तो दिसतो. पिण्याच्या पिंपात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटी लावा. आजारी मुलींसाठी एक संडास वेगळा ठेवा आणि जुलाब थांबल्यावरही ४८ तास तोच वापरू द्या. स्वयंपाकात किंवा वाढपात त्यांना त्या काळात हात लावू देऊ नका.

पुढच्या वेळी मुलं आजारी असतानाचं काम. पहिल्या दोन जुलाबांनंतर लगेच ओआरएस सुरू करा, डॉक्टरची वाट बघू नका. पाकीट कोणतं आहे ते वाचा. लिटरचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यात आणि २०० मिलिलिटरचं छोटं पाकीट एका पेल्यात. घाईत छोटी पाकिटं लिटरच्या बाटलीत आणि मोठी पाकिटं पेल्यात पडतात. पहिल्याने उपयोग होत नाही आणि दुसऱ्याने मूल आणखी सुकतं. २५ किलोच्या, डोळे खोल गेलेल्या, सारखं पाणी मागणाऱ्या मुलाला पहिल्या चार तासांत जवळजवळ दोन लिटर लागतं, घोटाघोटाने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, चमच्याने. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी ड्रममध्ये भरून तोट्या लावल्या आणि नातेवाइकांच्या हातात पेले दिले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. शाळेतही तेच करा. तोटीचं पिंप, त्यात मोजून कालवलेलं ओआरएस, आणि प्रत्येक आजारी मुलाजवळ एक मोठं मूल. एका दिवसानंतर उरलेलं ओतून द्यायचं.

मूल सुस्त झालं, हाक मारल्यावर नीट बघत नाही, पीत नाही, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश खाली बसते, तर गाडी बोलवा, तिथे घरगुती काही नाही. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मुलांना अजिबात नकोत, रक्त पडत असताना तर मुळीच नकोत. आणि आपल्याकडे आव म्हटलं की मेट्रोनिडाझोल, म्हणजे अमिबावरची गोळी, हे समीकरण पक्कं झालं आहे, म्हणून वर्गाच्या वर्गाला त्या गोळ्या वाटल्या जातात. अमिबा पाच दिवसांत ३८ मुलांना पाडत नाही. शिगेलावर त्या गोळीचा उपयोग नाही, आणि मुलं उपाशीपोटी त्या घेऊन आणखी ओकतात. कोणत्या मुलाला कोणतं अँटिबायोटिक ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि हे सगळं आरोग्य केंद्राला पहिल्याच दिवशी कळवा. एका वेळी दोन-तीन मुलांना जुलाब म्हणजे फोन. बदनामी होईल म्हणून संस्था थांबायला सांगते, मला कल्पना आहे. थांबलेल्या शाळांतच मी सलाइन लावलेली मुलं सतरंजीवर ओळीने पाहिली आहेत.

राहिल्या तुमच्या ताई. तुमच्या आकड्यांवरून त्यांच्यावर ठपका ठेवायला काहीच आधार दिसत नाही. उलट त्यांना घरी बसवल्याने बाकीच्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांना एकच धडा मिळाला असेल, की पोट बिघडलं तर लपवायचं. तुटपुंज्या मानधनावर जगणारी बाई दोन दिवसांचे पैसे सोडून "मला जुलाब होतायत" असं कशी सांगेल? ज्या दिवशी तुमच्या शाळेत जुलाब झालेल्या ताईला पैसे न कापता घरी थांबता येईल, त्या दिवशी स्वयंपाकघराची मोठी भीती गेली. रिवाज म्हणून सगळ्याच स्वयंपाक करणाऱ्यांच्या शौचाची तपासणी एकदम करून घ्या, कोणा एकीची नको. मग संस्थेसमोर तुमची ती चौकटींची वही ठेवा, ९६ पैकी ३३ आणि १४० पैकी १ हे दोन आकडे मोठ्याने वाचा, आणि ताईंना बोलवायला शिपाई पाठवू नका, तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा. गावाने बघायला हवं की तुम्ही गेलात.

वही भरून झाली की खोलीवार आकडे मला कळवा. मुलींच्या टाकीची लाइन कुठून येते, तेही चालून पाहून लिहा.